लातूर, उन्हाळा २०१६: सहाशे लिटरची बाग आणि दीडशे लिटर पाणी

पार्श्वभूमी

लातूर शहराच्या बाहेरच्या अंगाला, नव्या वसाहतीत तीन गुंठ्यांचा प्लॉट. अकराशे-बाराशे चौरस फुटांवर घर, गाडी लावायला थोडी फरशी आणि उरलेली सगळी परसबाग. घरात माणसं पाच: जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. झाडं, पाणी आणि निर्णय मात्र होते तसेच मांडले आहेत. माझा संबंध सल्ल्यापुरता होता. शेवटचा शब्द नेहमी काकूंचा असे.

बाग बारा वर्षांत हळूहळू भरत गेली होती. मागच्या कोपऱ्यात केशर आंबा, धुण्याच्या दगडाजवळ कागदी लिंबू, मधे सरदार पेरू, कुंपणाला लागून सीताफळ आणि शेवगा, बाजूला एक चिकू. फाटकाच्या दोन्ही अंगांना दोन नारळ, मुलगी सासरी गेली त्या वर्षी लावलेले. न्हाणीच्या पाण्यावर केळीचं बेट आणि अळू. पपईची तीन झाडं. आणि साधारण वीस चौरस मीटरचे भाजीचे वाफे: वांगी, टोमॅटो, मिरची, पालक, मेथी, मांडवावर दोडका. जमीन काळी, दोन-अडीच फुटांवर मुरूम. पाणी घरच्या बोअरचं, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाचं.

लातूर शहराची भिस्त धनेगावच्या मांजरा प्रकल्पावर. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, धरण कोरडं पडलं, आणि २०१६ उजाडल्यावर नळ बंद होऊन टँकर सुरू झाले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावून जमावबंदी करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे सगळं देशभर बातम्यांत आलं. त्याच दिवसांत एका घरच्या बागेचं काय झालं, एवढंच इथे सांगायचं आहे.

अडचण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बोअर गुळण्या टाकायला लागलं. मोटर लावली की वीस मिनिटं पाणी, मग नुसती हवा. एवढ्या वेळात चारशे लिटरच्या आसपास पाणी येई. त्यातच घर आणि त्यातच बाग. होळीपर्यंत ते निम्म्यावर येणार हे उघड होतं.

गुरुजींनी त्यांच्या परीनं न्याय्य वाटप केलं होतं. प्रत्येक झाडाला रोज एक बादली. आंब्याला एक, पपईला एक, वाफ्याला एक. वर्गातल्या सगळ्या पोरांना सारखा खडू, तसं. काळ्या जमिनीला तोवर बोटभर रुंदीच्या भेगा पडल्या होत्या. खोडाशी ओतलेली बादली भेगेतून खाली मुरमात निघून जायची आणि वर फक्त वीतभर ओल दिसायची. आंब्याची पाणी शोषणारी बारीक मुळं खोडाजवळ फारशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. म्हणजे पाणी रोज घातलं जात होतं आणि झाडाला मिळत नव्हतं. टोमॅटोची फुलं गळत होती. दुपारी पस्तिशी ओलांडली की टोमॅटोला फळ धरत नाही, पाणी कितीही घाला. तरी बादली चालूच होती.

पाण्याचा हिशेब

पहिलं काम कागदावर झालं. मे महिन्यात आपल्या भागात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १२ मिलिमीटरच्या आसपास उडून जातं. एक चौरस मीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. झाडाची सावली किती चौरस मीटर पडते ते मोजायचं, त्याला १२ नं गुणायचं, मग ०.७ नं (उघड्या भांड्याइतकं पाणी बागेतून उडत नाही म्हणून), आणि शेवटी झाडाच्या जातीप्रमाणे ०.७ ते ०.९ नं. आकडा ढोबळ येतो, पण अंदाजे बादल्या ओतण्यापेक्षा बरा.

आंब्याची सावली चार मीटर व्यासाची, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. त्याची पूर्ण गरज रोज ८० ते ८५ लिटर. लिंबू आणि पेरू प्रत्येकी ४० च्या आसपास, चिकू ३०. दोन नारळ मिळून शंभराच्या वर. भाजीचे वाफे एकटे १५०. पपई ६०, केळी ८०. बेरीज सहाशेच्या घरात गेली. सीताफळ, शेवगा आणि कढीपत्ता यात धरलेच नाहीत. सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून स्वस्थ बसतं, शेवग्याला त्या वयात वरून पाणी लागत नाही.

दुसऱ्या बाजूला जमेचा आकडा. बोअर एप्रिलमध्ये बंद पडणार असं धरलं, आणि ते पडलंच. महापालिकेच्या टँकरचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. ते बागेच्या हिशेबात घ्यायचं नाही, हे काकूंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. उरलं ते वापरून झालेलं पाणी. पाच जणांच्या आंघोळीचं ६० लिटर, धुण्याचं दिवसाला सरासरी ४०, तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं दहाएक लिटर. शेजारच्या दोन घरांनी आपलं धुण्याचं पाणी द्यायचं कबूल केलं, त्याचे आणखी ४०. एकूण दीडशे.

सहाशेच्या जागी दीडशे. म्हणजे चौथा हिस्सा. सगळ्यांना चौथा हिस्सा दिला असता तर भाजी मेलीच असती, आणि झाडंही बहुधा अर्धमेली झाली असती. हा कागद गुरुजींनी फ्रिजला चिकटवला. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत उपयोगी काम तेच होतं, कारण त्यानंतरचं प्रत्येक भांडण त्या कागदापुढे उभं राहून झालं.

समोर असलेले पर्याय

मुलाचं म्हणणं, बोअर आणखी खोल घ्यावं. वसाहतीत दोघांनी नुकतंच सातशे फुटांपर्यंत नेलं होतं आणि धुरळ्याशिवाय काही निघालं नव्हतं. खर्च लाखाच्या घरात, खात्री शून्य. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा पर्याय बागेसाठी खासगी टँकर विकत घेण्याचा. पैशाची अडचण होती, पण ती मोठी नव्हती. गुरुजी म्हणाले, "गल्लीत बाया घागरी घेऊन रात्री दोनला उठतात, अन् मी फाटकात टँकर उभा करून नारळाला पाइप लावू?" मुलगा म्हणाला, "पैसे आपले, पाणी विकतचं, कुणाच्या तोंडचं काढतोय का आपण?" वाद दोन दिवस चालला. माझं मत गुरुजींच्या बाजूचं होतं, पण कारण वेगळं. त्या दिवसांत खासगी टँकर कुठल्या तरी खोल बोअरचं पाणी आणत. ते पाणी खारट असलं तर काळ्या जमिनीत क्षार साठतात आणि पुढची दोन-तीन वर्षं त्रास देतात. शिवाय पाच हजार लिटरचा टँकर पूर्ण बागेला जेमतेम आठ दिवस पुरतो. शेवटी तोडगा काकूंनी काढला: टँकर घरासाठी घ्यायचा, आंघोळ-धुणं थोडं मोकळेपणानं करायचं आणि बागेला मिळेल ते त्यातूनच.

तिसरा पर्याय सगळं सोडून देण्याचा. पाऊस पडला की नवं लावू. भाजीच्या बाबतीत हा अगदी रास्त पर्याय आहे. वांग्याचं रोप तेव्हा जूनमध्ये दोन रुपयांना मिळे. बारा वर्षांचा आंबा मिळत नाही.

यातूनच चौथा पर्याय तयार झाला: मेलं तर परत उभं करायला किती वर्षं लागतील, या एकाच प्रश्नावर झाडांचा क्रम लावायचा. किती गोड लागतं, किती हिरवं दिसतं, कुणी कुणाच्या आठवणीत लावलं, हे नंतर.

ठरलेला क्रम आणि त्यावरची भांडणं

आंबा, चिकू, लिंबू, पेरू हे जगवायचे. पिकवायचे नाहीत, फक्त जगवायचे. हा फरक काकूंना पटायला वेळ लागला. आंब्यावर लिंबाएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या. त्या मार्चमध्येच उतरवल्या. फळ हे झाडाच्या अंगावरचं खर्चाचं खातं असतं. घरभर कैरीचं तक्कू आणि पन्हं झालं, गल्लीत वाटलं.

पपई सोडून दिली. तिचं आयुष्यच तीन-चार वर्षांचं, मुळं वरवरची. केळीही सोडली, पण तिच्यावर निर्धास्त राहता येतं. वरचं खोड वाळलं तरी जमिनीतला कंद जिवंत राहतो. टोमॅटो, पालक, मेथी, दोडका हे सगळं फेब्रुवारीअखेर उपटून आच्छादनाला घातलं.

वांग्यांवर तडजोड झाली. काकू म्हणाल्या, "घरात एक तरी भाजी बागेतली पाहिजे, भाऊ. नाही तर ही बाग म्हणायची कशाला?" वांग्याची आठ आणि मिरचीची सहा रोपं ठेवली. वांगी जमिनीपासून वीतभर ठेवून छाटली. दर दोन-तीन रोपांमध्ये एक कच्चं, न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. मडक्यात पाणी भरून झाकण ठेवलं की ते झिरपत राहतं, तीन-चार दिवसांनी परत भरायचं. या मडक्यांत फक्त भाज्या धुतलेलं पाणी. साबणाचं किंवा बोअरचं जड पाणी घातलं की महिन्याभरात मडक्याची छिद्रं बुजतात. झाकण विसरायचं नाही, नाही तर डासांची पैदास घरातच.

खरा पेच नारळांचा. दोन नारळ म्हणजे जगण्यापुरतं म्हटलं तरी रोज ८० लिटर, दीडशेपैकी निम्म्याहून जास्त. नारळाला शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं, फांदी फुटून परत येण्याची सोय नाही. आणि दुष्काळाचा मार त्याच्या फळांवर पुढची दोन-अडीच वर्षं दिसत राहतो, म्हणजे जगवलं तरी नारळ लवकर मिळणार नाहीत. मी एक नारळ सोडा असं सुचवलं. काकूंनी सरळ नकार दिला. लेकीच्या लग्नाच्या वर्षीची जोडी आहे. जोडीतला एक कसा सोडायचा?

दोन्ही ठेवले. त्या निर्णयाची किंमत पुढे लिंबानं भरली.

प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यांत आधी भेगा बुजवल्या. झाडाच्या घेराखालची वरची दोन-तीन इंच माती खुरप्यानं मोकळी केली आणि भेगांत ढकलली. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं कोरडवाहू शेतकरी म्हणतात. काळ्या जमिनीत ते खरं आहे. ओल उडून जायची वाट तिथेच तुटते.

मग आच्छादन. सोयाबीनचं भुसकट, ओळखीच्या शेतातून आणलेलं उसाचं पाचट आणि उपटलेली भाजी, असा चार-पाच इंचांचा थर. खोडापासून वीतभर जागा मोकळी. आंब्याच्या बाबतीत ती ठेवायची राहिली आणि पंधरा दिवसांत वाळवीनं खोडावर मातीच्या नळ्या चढवल्या. खरवडून काढल्या, खोडाला दीड-दोन फुटांपर्यंत चुना लावला, आच्छादन मागे ओढलं, खाली निंबोळी पेंड पसरली. वाळवी हटली.

पाणी द्यायची जागा बदलली. आंबा, पेरू आणि चिकूच्या घेराच्या कडेला प्रत्येकी तीन-चार ठिकाणी दीड फूट खोल खड्डे घेऊन त्यांत भोकं पाडलेले चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे केले. बाजूनं पालापाचोळा भरला. पाणी या पाइपांत ओतायचं, म्हणजे ते थेट मुळांच्या थरात उतरतं. आणि रोज नाही. आंब्याला आठवड्याला एकदाच शंभर लिटर, पेरूलाही तेवढंच. रोज थोडं थोडं दिलं की ओल वरच राहते आणि उन्हात जाते. गुरुजींना हे सगळ्यांत जड गेलं. सहा दिवस आंब्याकडे नुसतं बघत बसायचं, पाणी घालायचं नाही.

पेरूची एक तृतीयांश छाटणी केली, कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप लावला. पानं कमी म्हणजे पाण्याची वाफ कमी. मार्चच्या शेवटी आंबा, लिंबू आणि चिकूवर केओलीन, म्हणजे पांढऱ्या मातीची भुकटी फवारली, दहा लिटर पाण्यात ८०० ग्रॅम. पानं पांढरीफटक दिसतात, बघायला वाईट, पण ऊन परावर्तित होऊन पान थंड राहतं. झाडांनी ताण सोसावा म्हणून मधे एकदा पोटॅशियम नायट्रेटची एक टक्क्याची फवारणी झाली. वांगी-मिरचीवर दोरी बांधून जुन्या सुती साड्या टाकल्या. डाळिंबवाले शेतकरी करतात तेच, हिरव्या जाळीचा खर्च वाचला.

सलाईनच्या वापरलेल्या बाटल्या झाडांना ठिबकासारख्या लावायची त्या काळी मराठवाड्यात लाटच होती. मुलगा एका दवाखान्यातून पोतंभर आणणार होता. तो दवाखान्याचा कचरा आहे, सुया-नळ्यांसकट येतो, घरात लहान मूल आहे. त्याऐवजी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या उलट्या पुरल्या. काम तेच झालं.

साबणाचं पाणी

यावर थोडं थांबायला हवं, कारण दुष्काळात सगळीकडे हाच सल्ला दिला जातो: सांडपाणी झाडांना घाला. घाला, पण कुठलं पाणी कोणत्या झाडाला हे बघून.

धुण्याच्या पावडरीत सोडियम असतं. काळ्या जमिनीत सोडियम साठलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. लिंबू, आंबा आणि केळी क्षारांना हळवी. नारळ आणि चिकू बरंच सोसतात, पेरू मध्यम. पालेभाजी आणि कंदभाजीला तर हे पाणी घालायचंच नाही.

या घरात धुण्याचा दगड लिंबाजवळ होता. म्हणून धुण्याचं पाणी पहिल्यापासून लिंबाला जात होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, उतार तिकडे होता एवढंच. एप्रिलच्या मध्यावर लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या. आधी सगळ्यांना ते ऊन वाटलं. पण करपा जुन्या पानांवर, टोकाकडून आत येणारा होता, आणि सावलीतल्या फांद्यांवरही होता. ते क्षारांचं लक्षण.

मग व्यवस्था फिरवली. पावडर भिजवलेलं पहिलं पाणी शौचालयात ओतायला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं खंगाळलेलं पाणी नळी लावून नारळ आणि चिकूकडे. आंघोळीचं पाणी आंबा आणि पेरूला, त्यात साबण थोडा असतो. पण आंबा हळवा म्हणून त्याला एक आठवडा आड टँकरच्या साध्या पाण्याची एक फेरी. लिंबाला भाज्या धुतलेल्या पाण्यातलं निम्मं आणि टँकर आला की साठ लिटर स्वच्छ पाणी, क्षार खाली ढकलायला. साठवलेलं सांडपाणी एका दिवसाच्या वर ठेवायचं नाही, कुजतं, वास मारतं.

हा बदल मार्चमध्ये व्हायला हवा होता. तेव्हा कुणी पाण्याच्या उताराकडे पाहिलं नाही.

मे महिना

मेच्या पहिल्या आठवड्यात शेजारची दोन्ही कुटुंबं घराला कुलूप लावून नातेवाइकांकडे गेली. लातुरात तेव्हा कितीतरी घरांनी हेच केलं. हिशेबातले ४० लिटर एका दिवसात गेले. म्हणजे बरोबर एका नारळाचं पाणी.

आता पर्याय उरला नाही. कोणता नारळ सोडायचा हे काकूंनीच ठरवलं, रस्त्याकडचा, ज्याचा शेंडा आधीच बारीक झाला होता. त्याचं पाणी त्या दिवसापासून बंद.

मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत त्या झाडाला रोज ४० लिटर म्हणजे दोन हजार लिटर पाणी गेलं होतं. एवढंच पाणी आंबा आणि पेरूला वळवलं असतं, तर टँकरचं स्वच्छ पाणी लिंबासाठी मोकळं झालं असतं. हे मागे वळून पाहताना सोपं दिसतं. मार्चमध्ये शेजारी गाव सोडतील हे कुणाला माहीत होतं? पण उधारीच्या पाण्यावर एक अख्खं झाड उभं आहे, हे कागदावर दिसत होतं.

लिंबावर हस्त बहाराची, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची फळं होती, ऐंशी-नव्वद तरी. उन्हाळ्यात लिंबाला भाव, आणि आल्या-गेल्याला सरबत करायची घरची रीत. आंब्याच्या कैऱ्या उतरवल्या, लिंबं ठेवली. पाणी कधी आठ दिवसांनी, कधी टँकर आला की एकदम, असं मिळत गेलं. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की फळ आतून फुगतं आणि साल तडकते. निम्म्याहून जास्त लिंबं झाडावरच तडकली. उरलेल्या फळांसाठी झाडानं फांद्यांचा जीव ओतला आणि शेंडे वरून वाळत आले.

वांगी मात्र चालली. मडकी आणि साड्यांखाली आठवड्याला पाव-अर्धा किलो वांगी निघत. हिशेबानं पाहिलं तर त्या पाण्याची किंमत बाजारातल्या वांग्यांपेक्षा जास्त होती. काकूंसमोर हा हिशेब मी मांडला नाही. शेवग्यानं कसलीही तक्रार न करता पाला दिला, आणि मे महिन्यात घरात सगळ्यांत जास्त खाल्ली गेलेली भाजी तीच होती.

परिणाम

जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला. सीताफळ पहिल्याच सरींनंतर फुटलं. पेरूला छाटलेल्या फांद्यांवर भरगच्च पालवी आली आणि त्या हिवाळ्यात त्यानं आधीच्या कोणत्याही वर्षाएवढे पेरू दिले. आंबा जगला, पुढच्या मोहोरावर फळ थोडंच धरलं. चिकू जागचा हलला नाही, पण हिरवा राहिला. केळीच्या कंदातून कोंब आले. पपई गेली, रस्त्याकडचा नारळ गेला. दुसरा नारळ उभा राहिला, त्याला पुढची दोन वर्षं मोजकीच फळं आली.

लिंबाचा निम्मा घेर गेला. वाळलेल्या फांद्या हिरव्यापर्यंत कापून पेस्ट लावली. झाड सावरेल असं वाटत असताना सप्टेंबर आला, आणि त्या सप्टेंबरात लातूर भागात पावसानं थैमान घातलं, मांजरा भरलं. उन्हाळ्यात लिंबाच्या बुंध्याशी सरकलेलं आच्छादन तसंच होतं. त्याखाली पाणी साचलं आणि खोडाला डिंक्या लागला, बुडातून डिंक ओघळायला लागला. साल खरवडून, बोर्डो लावून, बुंधा उघडा करून तो आटोक्यात आणला. आच्छादन बुंध्याला टेकू द्यायचं नसतं हे आंब्याच्या वाळवीनं शिकवलं होतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे.

पुन्हा वेळ आली तर

२०१८ मध्ये पाऊस परत हुकला. त्या ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यावेळी गुरुजींनी हिशेब दिवाळीत केला, फेब्रुवारीची वाट पाहिली नाही.

लिंबावरची हस्त बहाराची फळं गोटीएवढी असतानाच काढली. टोमॅटो, पालक संक्रांतीपर्यंत खाऊन वाफे मोकळे केले, मडक्यांतल्या वांगी-मिरचीशिवाय उन्हाळी भाजी लावली नाही. गवार आणि चवळी चार-चार आळी लावून पाहिली. गवार टिकली, चवळीवर मावा पडला.

धुण्याचा दगड लिंबापासून हलवून चिकूच्या बाजूला नेला. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

छताच्या पाण्याचा हिशेबही त्यांनी मांडला. साधारण ११० चौरस मीटर छत आणि लातूरचा सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस धरला, तर वाया जाणारं सोडूनही वर्षाला साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. मार्च ते मे नव्वद दिवस रोज दीडशे लिटर लागतात, म्हणजे साडेतेरा हजार. पाच हजारांचा हौद घरात होताच. आणखी आठ-नऊ हजारांची टाकी बांधली तर २०१६ सारखं वर्ष सांडपाण्याशिवायही निघतं. ती टाकी झाली नाही. मुलाला त्या जागी गाडीसाठी शेड हवी होती. छताचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडलंय, तेवढं झालं. माझं मत अजून टाकीच्याच बाजूनं आहे, कारण बोअरमध्ये सोडलेलं पाणी जमिनीखाली सगळ्या वसाहतीचं होतं. गुरुजी म्हणतात, मग होऊ दे की.

गेलेल्या नारळाच्या जागी काय लावायचं यावर दोन वर्षं घरात एकमत नव्हतं. काकूंना नारळच हवा होता. २०१९ च्या जूनमध्ये तिथे आवळा लावला. पहिले दोन उन्हाळे मटक्यावर काढले की पुढे त्याला फारसं विचारावं लागत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात त्याची फळं वाढत नाहीत, नुसती थांबून राहतात. खड्डा मात्र काकूंनी नारळाच्या मापाचा घ्यायला लावला, तीन बाय तीन बाय तीन.